शिवकुमार कधी वाजवणार?

"अक्का, पोरानं वाद्य मांडीवरच ठेवलंय की!" गुरुसिद्ध बहिणीच्या कानात कुजबुजला, तरी मागच्या तीन रांगांनी ऐकलं.

रत्नव्वाला ते केव्हाच दिसलं होतं. गुरुसिद्धच्या बँडपथकात, लग्नाच्या वरातींत ट्रॉम्बोन शिकलेला तिचा लेक शिवकुमार आता मुंबईच्या मोठ्या विलायती ऑर्केस्ट्रात होता. पेपरात फोटो येत होते, परदेशातून बोलावणी येत होती. पण त्या लांब पितळी नळीचा आवाज घरात कितीतरी वर्षांत घुमला नव्हता. आज ऑर्केस्ट्राच कोल्हापुरात आला, म्हणून सोमवारची पूजा लवकर उरकून ती उपाशीपोटी पुढच्या रांगेत बसली होती.

स्टेजवर सगळी व्हायोलिनं घुमत होती. पहिला भाग संपला, दुसरा संपला. शिवकुमार आपला एस्टीची वाट बघत बसावं तसा बसलेला.

"ताप आलाय काय रं त्याला?"

"ताप कशाचा! मुंबईवाल्यांनी दाबून ठेवलंय. आमचं पोर फुडं गेलेलं बघवत न्हाय त्यांस्नी."

मागं गुरुसिद्धचा अख्खा बँड बसला होता. तापाची बातमी रांगोरांग पसरली. शेजारच्या शालूबाईनं थर्मासमधलं हळदीचं दूध स्टेजकडं धाडलं. ते एका व्हायोलिनवाल्यानं गोंधळून पिऊन टाकलं. शिवकुमारनं लाजून नको नको अशी मान हलवली.

"बघितलंस? मान हलवतोय. वाजवू देत न्हाईत!" गुरुसिद्ध ताडकन उठला. "ओ पावणं! आमच्या पोराला बी वाजवू द्या की!"

काठी फिरवणाऱ्या साहेबांचा हात हवेतच राहिला.

"मामा, बसा की खाली!" शिवकुमार स्टेजवरून कळवळला. "माझं शेवटच्या भागात हाय!"

शेवटचा भाग सुरू झाला. आता अख्ख्या सभागृहाचे डोळे एकट्या शिवकुमारवर. रत्नव्वानं हात जोडले, डोळे मिटले. नळी ओठाला लागली मात्र, गुरुसिद्धचा बँड उभा राहिला. शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्यांचा नुसता कडकडाट! तो थांबेपर्यंत नळी पुन्हा मांडीवर आली होती.

ऑर्केस्ट्राची बस निघताना शिवकुमार पाया पडला. "अव्वा, कसं वाजलं?"

रत्नव्वाला खोटं बोलवेना.

"लोकांनी टाळ्या लई झ्याक वाजवल्या रं," ती म्हणाली. मग गुरुसिद्ध लांब असल्याचं बघून हळूच पुटपुटली, "एकदा वाद्य घेऊन घरी ये. मामाला न सांगता."