स्वर्गरथाची पहिली फेरी

व्यंकटरावांनी गावाला स्वर्गरथ दिला आणि त्या दिवसापासून गावात माणूस मरायचंच बंद झालं.

व्यंकटराव गावचेच, पालमला कापसाची जिनिंग मिल टाकून मोठे झालेले. मयत न्यायची गाडी पांढरीशुभ्र, दोन्ही बाजूंनी सोनेरी अक्षरं: 'अंतिम यात्रा. सप्रेम भेट, व्यंकटराव.' नारळ फुटला, भाषणं झाली. मग दोन महिने गाडी नुसती पारापाशी उभी. टपावर कोंबड्या बसायला लागल्या.

व्यंकटराव रोज सकाळी नव्वदीच्या सुलाबाईंच्या ओट्यावर हजर.

"आत्या, तब्येत कशी हाय?"

"काल होती तशीच."

"खोकला-बिकला?"

सुलाबाईंनी काठी उचलली. "व्यंकट्या, मला त्या डब्यात घालायला आलास व्हय रे? जा, न्हाई मरत!"

आणि निव्वळ जिद्दीनं त्या एक भाकरी जास्त खायला लागल्या.

एका भर दुपारी सुगतच्या बायकोला, सत्यशीलाला, कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, दीड तास लागंल. गावातल्या जीपा सगळ्या लग्नाला गेलेल्या. सगळ्यांचे डोळे एकाच गाडीवर.

"खबरदार!" व्यंकटराव आडवे आले. "स्वर्गरथात जिती बाई? अपशकुन हाय!"

"आन् इथं मेली तर शकुन व्हय?" सुलाबाई काठी टेकत थेट आत चढल्या. "माझीच वाट बघायलास ना दोन महिने? घे, बसले. चल!"

ड्रायव्हर घाबरून कधीच पसार झाला होता. व्यंकटराव स्वतः स्टेअरिंगवर बसले.

गंगाखेडच्या रस्त्यावर कमालच झाली. गाडी दिसली की उसाच्या ट्रॉल्या कडेला, एसटी जागेवर उभी, लोक हात जोडून.

"मंत्र्यालाबी एवढी वाट देत न्हाईत," सुगत म्हणाला.

तेवढ्यात सत्यशीला आतून किंचाळली. फाट्यावर हात जोडून उभा असलेला हवालदार धपकन खाली बसला.

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन ओरडला, "मागून घ्या! मुडदाघर तिकडं हाय!"

सुलाबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "मुडदा बशिवला तुझा! बाळंतीण हाय, स्ट्रेचर आण!"

वॉचमन आधी पळाला, मग स्ट्रेचर घेऊन परत आला.

पंधरा मिनिटांत पोरगी झाली. "अजून थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या," डॉक्टरीण म्हणाली. व्यंकटरावांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून त्यांनी 'अंतिम' तेवढं खरडून काढलं. 'यात्रा' राहिली. तेव्हापासून सात फेऱ्या झाल्या. सातही वेळा गाडीत जाताना जेवढी माणसं होती, त्याहून येताना एक जास्त. आणि प्रत्येक वेळी पुढच्या सीटवर, भाकरी बांधून घेतलेल्या सुलाबाई.

व्यंकटराव अजून रोज सकाळी ओट्यावर येतात.

"आत्या, तब्येत कशी हाय?"

"का रे, गाडी रिकामी हाय का?"

"न्हाई ना आत्या," व्यंकटराव हात जोडतात. "गाडीला अजिबात टाइम न्हाई. तुमी इतक्यात मरू नका."