शेजारच्या दातासारखा

नथ्थूभाऊंना तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून सहा महिने झाले होते. निदान घरच्यांपुरते तरी. लेकीनं, दिव्यानीनं, लग्न जमताच तसं वचनच घेतलं होतं, कारण होणारे व्याही, मुलचेऱ्याचे सुनिलभाऊ, सुपारीच्या खांडालाही शिवत नाहीत अशी त्यांची ख्याती. आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन दिवसांवर आलेलं असताना बाजारात चोरून चघळलेल्या खर्ऱ्यातल्या सुपारीनं पुढचा दात अर्धा तोडला. घरी खापर चारोळीच्या बीवर फुटलं.

गोंडपिपरीच्या दवाखान्यात डॉक्टर नीलिमानं दातांच्या रंगांची पट्टी काढली. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, साडी पारखावी तशी ती पट्टी आणि नवरा, दोघांनाही उन्हात नेलं. एकही नमुना त्यांच्या तपकिरी दातांशी जुळेना.

"आधी सगळे दात साफ करू, मग रंग ठरवू," डॉक्टर म्हणाल्या. "भरलेला मसाला नंतर घासून पांढरा होत नाही."

"नाई बाई," नथ्थूभाऊ म्हणाले, "शेजारच्या दातासारखाच भरा. एकटाच पांढरा दिसला तं लोक बोट दाखवतीन."

डॉक्टरांनी नाइलाजानं मसाल्यात तपकिरी छटा मिसळली आणि निळ्या उजेडानं तो पक्का केला. दात असा बेमालूम जुळला की नथ्थूभाऊ आरशापुढून हलेनात.

घरी दिव्यानी खूश झाली. "बाबा, बाकीचे डाग जुनेच हायेत म्हणता ना? मंग उद्या तेबी काढून टाकू. मीच नेतो तुमाले स्कूटीवर."

नाही म्हणावं तर पितळ उघडं पडणार. दुसऱ्या दिवशी सगळे दात लख्ख झाले, भरलेला तेवढा तपकिरी राहिला.

"आता हा बदलून द्या ना बाई," नथ्थूभाऊ काकुळतीला आले.

"हिरड्यांतून रक्त येतंय. ओल्या जागी मसाला धरत नाही. आठ दिवसांनी या."

साक्षगंधाला नथ्थूभाऊ ओठ घट्ट मिटून बसले. एका दातापायी लेकीचं जमलेलं मोडतं की काय, या धास्तीनं त्यांना अन्नपाणी गोड लागेना. नवल म्हणजे सुनिलभाऊही तोंडाला रुमाल लावून होते.

"दोघंबी व्याही जरा हसा ना," फोटोवाला म्हणाला.

नथ्थूभाऊंनी नटलेल्या लेकीकडे पाहिलं आणि तिच्यासाठी हसले. ते पाहून शेजारचा रुमालही खाली आला. सुनिलभाऊंचे सगळे दात तपकिरी, पुढचा एकच पांढराशुभ्र.

"तुटलेला आधी पांढरा भरून घेतला, बाकीचे मंग साफ करू म्हटलं," सुनिलभाऊ पुटपुटले. "पण खर्रा सुटतच नाई ना भाऊ. पोराले तं सोडला म्हणूनच सांगितलं हाये."

नथ्थूभाऊंच्या जिवात जीव आला. "मंग तुमचा एक मले द्या, अन् माहा तुमी घ्या. दोघाइचंबी जमते."

दिव्यानी पाटावरून उठली. तिनं दोघांपुढे हात पसरला. आधी बापाच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी निघाली, मग सासऱ्याच्या.