तीन मजली केक आणि मिस्तरींचा ढाळ

केकमध्ये असतं काय एवढं! अंडी फोडायची, साखर फेटायची, मैदा आणि कोको चाळून घालायचा, ओव्हनचं दार लावायचं आणि घरातल्यांना ओरडायचं, "कुणी उघडाल तर याद राखा!" झाला केक. शाळा माझ्या वाट्याला फार आली नाही, पण माझ्या हातचा केक खाऊन बोटं न चाटणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एवढं सगळं खरं असताना मी विहीणबाईंसमोर तोंड उघडलं, तर माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. त्यांची बेकरी आहे. पण बाईंचा चेहरा असा, की जगात पीठच मुळी त्यांनी आणलं! आम्हां दोघींची नात एकच. भारी चलाख, म्हणून तिला आम्ही ठिणगी म्हणतो. ठिणगीचा वाढदिवस दरवर्षी माझ्या घरी होतो, आणि विहीणबाईंच्या डोळ्यांत तो दरवर्षी कुसळासारखा सलतो.

"यंदा तिला तीन मजली चॉकलेट केक हवाय म्हणे," त्या म्हणाल्या. "मी दुकानातून पाठवते. असला केक घरी होत नाही हो. त्याला हात लागतो."

"हात?" मी म्हटलं. "मग माझ्या मनगटांना काय कालथे लावलेत?"

लेकीने डोक्याला हात लावला. पण विहीणबाई कसल्या गप्प बसतायत!

"बरं, करा तर मग. केक उभा राहिला, तर वाढदिवस दरवर्षी तुमच्याकडे. कोसळला, तर दरवर्षी आमच्याकडे."

"कबूल!"

शब्द तोंडातून गेला मात्र! हरले, तर काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. त्यांच्या घरी, त्यांच्या कोचावर, मी पाहुणी म्हणून अंग चोरून बसलेय, आणि विहीणबाई मला कागदी बशीतून केक देतायत. वर विचारतायत, "अजून देऊ का?" छे! त्यापेक्षा मरण परवडलं!

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच मी कंबर कसली. लेक मदतीला आली होती. मदत म्हणजे काय, मी फेटत होते आणि ती घाबरत होती. ओट्यावरच्या ओव्हनमध्ये, एकाच डब्यात एकामागून एक असे तीन थर भाजले. काय तो वास! शेजारच्या शिंपिणीने खिडकीतून दोनदा मान घातली. थर गार झाले. पहिला ओट्यावर फळीवर ठेवला, त्यावर चॉकलेटचं क्रीम, दुसरा ठेवला, पुन्हा क्रीम, तिसरा ठेवला आणि मी चार पावलं मागे जाऊन बघितलं.

केक माझ्याकडे बघतच नव्हता. मान वळवून शेगडीकडे बघत होता!

"आई," लेक हळूच म्हणाली, "कललाय गं."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे."

एकेका थरात काही कळलं नव्हतं. पण प्रत्येक थर मोरीच्या बाजूला जाड आणि शेगडीच्या बाजूला पातळ. तीन एकावर एक ठेवल्यावर सगळा केक रुसलेल्या नवरीसारखा एका अंगाला! मी पीठ आठवलं, अंडी आठवली, ओव्हनला शिव्या घातल्या. तेवढ्यात लेकीने ओट्यावर एक लिंबू ठेवलं. लिंबू गडगडत थेट मोरीत गेलं.

"आई, केकचा दोष नाही," ती म्हणाली. "आपला ओटाच तिरका आहे!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. कारण दारात आमचे मिस्तरी उभे होते.

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. आमचे हे गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय. या घरात तुम्ही मिस्तरींच्या टकलाला नावं ठेवा, घोरण्याला ठेवा, पण भिंतीला नि फरशीला बोट लावायचं नाही!

"कोण म्हणालं तिरका?" मिस्तरींनी विचारलं. आवाज असा, की दोन थर आणखी कलले असते.

"बाबा, ते लिंबू..."

मिस्तरी आत गेले आणि पाणसळ घेऊन आले. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, जागा सपाट आहे की नाही ते सांगते. ओट्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला, सभेत झोपलेल्या माणसासारखा. हलेचना!

"हा तिरका नाही," मिस्तरी छाती काढून म्हणाले. "हा ढाळ आहे. मी मुद्दाम दिलाय. पाणी सांडलं की आपोआप मोरीकडे गेलं पाहिजे. माझ्या घरात पाणी साचत नाही!"

"मुद्दाम?" माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. "म्हणजे त्या ओट्यावरच्या शेगडीलाही ढाळ?"

"अर्थात."

"अहो! लग्न झाल्यापासून तुम्ही मला ऐकवताय, तुझं आम्लेट एका बाजूला जाड! तुझ्या आईने शिकवलं नाही! माझी आई बिचारी वर बसून ऐकतेय, आणि इकडे दोष तुमच्या ओट्याचा?"

मिस्तरींनी पाणसळ उलटी करून बघितली. जणू तीच खोटं बोलत होती.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. तिचा चेहरा पांढरा पडला. "सासूबाई निघाल्यात! हे घेऊन येतायत त्यांना. ठिणगीपण आहे बरोबर."

भांडण अर्ध्यावर टाकावं लागलं, याचं दुःख मला आजही आहे.

"काढ ते थर," मी लेकीला म्हटलं. "एकेक फिरवून ठेवू."

काढायला गेलो तर वरचा थर कडेने फाटायला लागला. क्रीमने चांगलाच धरला होता! मी मटकन स्टुलावर बसले. कागदी बशी डोळ्यांपुढे आली. "अजून देऊ का?"

मिस्तरी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. माळ्यावरून एक कोरी थापी काढली, गिलावा सारखा करायची, अजून सिमेंटही न लागलेली. उकळत्या पाण्याने धुतली.

"क्रीम किती उरलंय?"

"पातेलंभर."

"बाजूला सरक."

काय सांगू तुम्हाला! त्या माणसाने कललेल्या बाजूला क्रीमची भर घातली, थापी फिरवली, मान तिरकी करून एका डोळ्याने बघितलं, पुन्हा फिरवली. केक भिंतीसारखा गुळगुळीत झाला. वर स्वच्छ कागद घालून त्याच्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध! मी श्वास सोडला. मनात म्हटलं, आम्लेटाचं नंतर बघू, पण माणूस हाताचा खरा!

"सुंदर झालाय बाबा!" लेक म्हणाली.

"आता हा बाहेर न्यायचा," मी म्हटलं. दोघींनी फळी उचलली आणि पुढच्या खोलीत तिपाईवर ठेवली. तिपाईवर लांब पांढरं कापड होतं, जमिनीपर्यंत.

मिस्तरी मागून आले आणि जागीच थिजले.

"काय झालं?"

"या खोलीला ढाळ दाराकडे दिलाय," ते कुजबुजले. "फरशी धुतली की पाणी बाहेर जायला."

"मग?"

"मी केक सरळ केला तो ओट्याच्या ढाळाला धरून. इथे ढाळ दुसरीकडे."

मी केककडे बघितलं. केक दाराकडे बघत होता. वाकून, आदराने, पाहुण्यांची वाट बघितल्यासारखा!

"फिरवा, फिरवा फळी!" मिस्तरी म्हणाले आणि त्याच क्षणी दार उघडलं.

"आलो बरं का!" विहीणबाई आत आल्या. मागे जावईबापू, पुढे ठिणगी, आणि विहीणबाईंच्या हातात हा एवढा मोठा खोका! "हा आपला असू दे, विहीणबाई. वेळ काही सांगून येत नाही." असं म्हणून त्यांनी खोका तिपाईजवळच्या दाराकडच्या खुर्चीवर ठेवला. त्यात त्यांच्या दुकानचा केक. माझ्या घरात! माझ्या खुर्चीवर!

आता फळीला हात लावायची सोय राहिली नाही. विहीणबाईंचं नाक केकच्या वर येऊन थांबलं होतं.

"गुळगुळीत केलाय हो. घरी केलाय ना नक्की?"

वरचा थर कणभर सरकला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं! माझ्यापुढे एकच मार्ग होता. मी तिपाईच्या दाराकडच्या बाजूला गेले, कापडाखाली पाय घातला आणि चपलेसकट पुढचा चवडा तिपाईच्या पायाखाली सरकवला. तिपाई त्या बाजूने उचलली गेली. केक सरळ झाला. मिस्तरींनी लांबूनच एक डोळा मिटून बघितलं आणि मान हलवली. थोडं वर. मी चवडा उचलला. थोडं खाली. मी उतरवला. बास!

"मी फरशीचा तुकडा आणतो," त्यांनी ओठ हलवून सांगितलं आणि निघाले.

"मिस्तरी, कुठे चाललात?" विहीणबाईंनी त्यांचा दंडच धरला. "नातीचं गाणं म्हणायचं सोडून?"

गेले आमचे मिस्तरी! बाईंच्या शेजारी उभे राहिले, पोलिसाने धरल्यासारखे.

मेणबत्त्या लागल्या. खोलीत उकडत होतं, क्रीम चमकायला लागलं होतं, आणि त्या तीन मजल्यांचा, फळीचा, तिपाईचा सगळा भार माझ्या अंगठ्यावर! डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण मी हसत होते. इतकं हसत होते, की जावईबापूंनी विचारलं, "आई, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय! फोटो काढा पटकन."

"मग अशा मधे या ना," विहीणबाई मला म्हणाल्या. "ठिणगीच्या शेजारी."

"मी इथेच बरी."

"अहो या! रागावलात की काय माझ्या खोक्यावर?"

"नाही हो!"

"मग हालत का नाही? एवढा कसला तो मान!"

लेक मध्ये पडली, "आईंना तिथूनच छान दिसतंय, सासूबाई." लेकीने मला ‘आईंना’ म्हटलं, यावरून तिची काय अवस्था होती ते ओळखा. मिस्तरी ओठांनी पुटपुटत होते, "धर. धर. धर."

गाणं सुरू झालं. आमच्या जावईबापूंना गाणं लांबवायची खोड आहे. शेवटचा सूर त्यांनी असा ओढला, की मला वाटलं, आता या घरात एका पायाचीच बाई राहणार. ठिणगीने गाल फुगवले, फुंकर मारली, मेणबत्त्या विझल्या. टाळ्या! केक उभा! मी जिंकले! विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

आणि ठिणगी तिपाईखाली वाकली.

"आजी, तुझा पाय टेबलाखाली का अडकलाय?"

"काय?" म्हणून विहीणबाईंनी कापड उचललं. सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो बिचारा वांग्यासारखा झाला होता. आणि सगळे बघतायत म्हटल्यावर, काय झालं मला कळलं नाही, लाजेने माझा पाय आपोआप मागे आला.

तिपाई खट्टकन खाली बसली. वरचा मजला निघाला! घाई नाही, गडबड नाही. क्रीमवरून सावकाश, अगदी दिमाखात, विझलेल्या मेणबत्त्यांसकट सरकत कडेला आला, क्षणभर थांबला, जणू निरोप घेतला, आणि थप्प! विहीणबाईंच्या खोक्यावर. खोक्याचं झाकण आत गेलं, आणि माझा केक त्यांच्या केकात असा बसला, की कुठला कुणाचा ते सांगायला पंच बोलवावे लागले असते.

विहीणबाईंनी वाकून खोक्यात डोकावलं.

"कोसळला," त्या म्हणाल्या.

"एक मजला गेला," मिस्तरी घसा खाकरून म्हणाले. "इमारत उभी आहे."

"अट केकची होती, मिस्तरी. इमारतीची नाही."

आणि तेवढ्यात ठिणगी अशी किंचाळली, की सगळे दचकले.

"केक चालला! आजीचा केक चालतो! आजी, परत कर ना! परत!"

"अगं, पडला तो," विहीणबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आपल्या घरी मी तुला असा केक देईन, जराही हलणार नाही."

"नको," ठिणगी म्हणाली. "तुझा केक नुसता उभा राहतो. मला आजीकडचा चालणारा हवा. इथेच!"

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खोक्यात बोट घालून चाटलं. पुन्हा घातलं. "चव आहे हो हाताला," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या त्या थांबेनात. "ठेवा तुमच्याकडेच वाढदिवस. चालणारा केक काही माझ्या दुकानात होत नाही!"

तर मंडळी, जिंकले मी! घर माझं, वाढदिवस माझा, नात माझी. पण सुख टोचतं म्हणतात ना, ते असं. त्या दिवसापासून मिस्तरींना झोप लागेना. "ओटा तिरका" हे शब्द त्यांच्या काळजात रुतले होते. मधे मी चार दिवस गावाला जाऊन आले, तर त्यांनी ओटा फोडून नवा बांधलेला! पाणसळ ठेवून मला दाखवली. बुडबुडा मधोमध, हलायचं नाव नाही. आम्लेट सगळीकडून सारखं. केक काटकोनात. पाणी तेवढं साचतं, ते मी फडक्याने पुसत बसते.

आणि तिकडे ठिणगी बागेत, शाळेत, दिसेल त्याला सांगत सुटलीय, की माझ्या वाढदिवसाला या, माझ्या आजीचा केक चालतो!

म्हणून मी ओव्हनच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून ठेवलाय. मिस्तरींना मात्र सांगू नका हं, नाहीतर ते पाणसळ घेऊन येतील.