तिघींचा एकच फोटो

"माझ्या हाताखाली सुधारत नाही असं यंत्र अजून जन्माला यायचंय!" असं घड्याळजी दिवसातून दोनदा तरी म्हणत, आणि ते ऐकून गिऱ्हाईक पुढे केलेलं घड्याळ हळूच मागे घेई. तर या घड्याळजींनी एके दिवशी बाजारातल्या पथारीवरून एक कॅमेरा उचलून आणला. सगळा प्लॅस्टिकचा, वजनाला काडेपेटीएवढा. भिंगापेक्षा शर्टाचं बटण बरं! मागचं झाकण मनात येईल तेव्हा उघडायचं, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी.

"अहो, हे खेळणं कशाला?" बायकोनं विचारलं.

"आईचा फोटो काढायला!"

आईला नुकतीच ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि तिची एकच मागणी होती. "एका बाजूला सूनबाई, एका बाजूला लेक, मध्ये मी. भिंतीवर मला एकटीला लटकायचं नाही!"

मागणी साधी, पण इथंच घोडं पेंड खात होतं. घड्याळजींची बायको आणि वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची धाकटी बहीण सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एक छत्री. ती कोणी मोडली याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही ठाम होती. एकाच खोलीत बसून "तुमच्या बहिणीला सांगा, दार ओढून घे म्हणावं" आणि "दादा, तुझ्या बायकोला सांग, मला कळतं" अशी टपालसेवा घड्याळजींना चालवावी लागे. आई काही बोलायची नाही, पण तिचा जीव तुटायचा.

रंगीत तालीम म्हणून घड्याळजींनी आधी मांजराचे चार फोटो काढले. दर फोटोनंतर रोल पुढे सरकवायला एक चकती फिरवावी लागे, आणि ती कर्र कर्र ओरडे. घड्याळजींच्या कानाला ते सोसेना. त्यांनी सुई घेतली आणि चकतीच्या फटीतून घड्याळाच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले. मग वाटलं, आणखी चार असू देत.

"बघ! लोण्यासारखी फिरते!"

रविवारी सकाळी आईला गच्चीवर खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या. कॅमेरा हलू नये म्हणून स्टुलावर ठेवला.

"मी नाही तिच्या ओळीत बसणार," बायको म्हणाली.

"मी बसणार होते दादा, पण आता मीही नाही!" बहीण म्हणाली.

अर्धा तास वाटाघाटी झाल्या. शेवटी तह असा ठरला, की आधी आईच्या उजवीकडे बायको बसेल. ती उठून खाली गेली, की मग डावीकडे बहीण. दोन वेगळे फोटो.

"काढ बाबा, निघतील तसे," आई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. दोन्ही फोटोंना ती अशी मुकाट बसली, की मान तसूभर हलली नाही.

घड्याळजींना धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्धामुर्धा रोल स्टुडिओत नेऊन दिला.

"पाच फोटो आलेत," स्टुडिओवाला म्हणाला. "चार मांजराचे आणि हा एक."

"एक? दोन होते!"

"एकावर एक पडलेत. चकती नुसतीच फिरली, रोल पुढे सरकलाच नाही. रोलवर एवढं तेल कोणी ओतलं हो?"

"कुणास ठाऊक!" घड्याळजी छताकडे बघत म्हणाले.

घरी आईनं तो फोटो अगदी नाकाशी धरला. मध्ये ती, उजवीकडे सून, डावीकडे लेक.

"बसल्या," ती म्हणाली. "बसल्या गं बाया माझ्याजवळ!" आणि तिनं शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

बायकोनं फोटो ओढून घेतला. "हे काय? माझ्या पोटातून खुर्ची दिसतेय! मी काय भूत आहे?"

तेवढ्यात बहीण जिना उतरून आली आणि बायकोच्या खांद्यावरून वाकली. "अगंबाई! माझ्या कपाळावर कुंडी! वहिनी, बघा ना, दादानं माझं काय केलंय ते!"

"बघतेय ना, वन्सं! काय अवतार केलाय दोघींचा!"

बोलून गेल्यावर दोघींनी चमकून एकमेकींकडे बघितलं. मग एकदम दोघी मिळून घड्याळजींवर तुटून पडल्या. हे असलं ध्यान भिंतीवर लागणार नाही! आत्ताच्या आत्ता दुसरा फोटो काढा!

आणि त्या आईच्या दोन्ही बाजूंना धपकन बसल्यासुद्धा. बायकोनं पुढे वाकून नणंदेची बट कानामागे सारली. आईनं दोघींचा एकेक हात आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

घड्याळजींनी कॅमेरा उचलला आणि त्यांना आठवलं. रोल तर स्टुडिओत! कॅमेरा रिकामा! सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि मिटलं.

खट्! "अजून एक!" खट्! "जरा जवळ सरका!" त्या सरकल्या. खट्!

असे त्यांनी वीसेक तरी काढले.

"कधी मिळतील हो?" बायकोनं विचारलं.

"आठवडाभरात!"

आठवड्यानं काय सांगायचं, याची घड्याळजींना मुळीच काळजी नव्हती. सगळे बिघडले, पुन्हा बसा, म्हटलं की झालं. त्या कॅमेऱ्यानं फोटो बिघडवले, यावर कोण शंका घेणार होतं!