मानेओचा वाफा आणि पांढरा झेंडा

माझ्या गळ्याची शपथ, अक्षर न् अक्षर खरं सांगतेय. खोटं निघालं तर माझं ब्लँकेट उंदरांनी खावं, आणि हिवाळा तर तोंडावर आलाय. एवढी शपथ पुरे ना? मग ऐका.

आमच्या डोंगरावर मानेओ राहते आणि तिच्या शेजारी माखोत्सो. माखोत्सो या नावाचा अर्थच शांतीची आई. या शांतीच्या आईच्या परसात पालक इतका दाट, की मांजर शिरलं तर शोधायला माणूस पाठवावा लागे. मानेओ वर्षानुवर्षं भाजी तिच्याकडूनच आणायची. माखोत्सो मनाची मोठी. दर जुडीमागे एक टोमणा फुकट द्यायची.

"घे गं, घे. तुझ्या दारात दगडच उगवतात, त्याला तू तरी काय करणार!"

असे टोमणे गिळून गिळून मानेओचं पोट भरलं. तिनं मनाशी ठरवलं, माझ्या वाफ्यातला पालक या बाईच्या ताटात वाढीन, तेव्हाच माझं नाव मानेओ.

वाफा बांधायला नवरा पुढे सरसावला. तांकिसो खाणीत उमर घालवून आलेला. जमिनीखालचं सगळं त्याला कळतं, जमिनीवरचं तेवढं शिकायचं राहिलं. आमच्याकडचा वाफा म्हणजे दगडांचा गोल ओटा. एका बाजूला आत शिरायला खाच, मधोमध काटक्यांची उभी टोपली. खरकटं, राख, भांड्यांचं पाणी त्या टोपलीत ओतायचं, की वाफा पोटातून जेवतो. उंची कमरेएवढी, म्हणजे वाकायला नको. आता कमरेएवढी म्हणजे कुणाच्या कमरेएवढी, हे तांकिसोनं बायकोला विचारलं नाही. तो ताडासारखा, ती बुटकी. वाफा तिच्या हनुवटीला लागला.

"बघ, आता वाकायला नको," तो म्हणाला.

"हो न्ताते," नवऱ्याला मानानं हाक मारत ती म्हणाली, "आता चढायचं तेवढं."

बादली पालथी घालून ती तिच्यावर उभी राहायची. पण बादलीवरून का होईना, पालक आला. आला म्हणजे काय, तरारला! मानेओनं कुंपणावरून बाईमाणसाला द्यायचा मान देऊन हाक मारली, "म्मे माखोत्सो, रविवारी चर्चनंतर जेवायला या. पालक माझ्या हातचा."

"येते की. दगड चावायचे म्हणजे दातांना आधीच सांगून ठेवलेलं बरं."

शनिवारी सकाळी बघते तर चिमण्या पानांवर तुटून पडलेल्या. तांकिसो म्हणाला, "काळजी सोड. उंच काठी रोवतो, वर फडकं लावतो. फडफडलं की पाखरं पळाली."

"कुठलं फडकं?"

इथे मात्र तांकिसोनं डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. आमच्याकडे दारात हिरवं फडकं म्हणजे भाजी विकायची आहे, लाल म्हणजे मटण, पांढरं म्हणजे ज्वारीची ताजी बिअर. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. "हिरवं लावलं तर लोक भाजी मागतील, लाल लावलं तर मटण," तो म्हणाला. "पांढरं लावतो. तुला बिअर गाळता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. कोण येतंय मरायला?"

नवऱ्याचा बायकोवर एवढा विश्वास मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

त्याच दिवशी गावप्रमुखांच्या अंगणात सभा होती. गुरांच्या चराईवर सकाळपासून सगळे बोलून बोलून घसे कोरडे पडलेले. सभा सुटली आणि समोर, उंचावर, पांढरं फडकं!

पहिला आला म्हातारा फाको. "म्मे मानेओ, शेवटी शिकलीस म्हणायची! एक डबा भर."

"न्ताते फाको, बिअर नाही. ते चिमण्यांसाठी आहे."

"चिमण्यांना पाजतेस आणि मला नाही?"

त्याच्यामागून चार, चारांमागून दहा. वाफ्याभोवती असे टेकले, जणू तांकिसोनं तो त्यांच्याच कोपरांच्या मापानं बांधलेला. मानेओ नवऱ्याला म्हणाली, "आधी ते फडकं उतरवा!" तांकिसो काठीला हात घालणार, एवढ्यात खालून गावप्रमुख चढताना दिसले, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे अंगावर जाड ब्लँकेट पांघरलेले. मोरेना, म्हणजे आमचे मालकच, स्वतः! त्यांच्या तोंडावर झेंडा उतरवायचा म्हणजे त्यांना पाहून दार लावून घेतल्यासारखं. तांकिसोनं काठी उपटायचं सोडलं आणि उलट ती आणखी सरळ करून नीट रोवली.

"तांकिसो," मोरेना टेकत म्हणाले, "आणा बघू, कशी जमलीय ती."

तांकिसो शेणखताची ढकलगाडी घेऊन मागच्या दारानं धावला. खालच्या वस्तीतून बिअरच्या दोन बादल्या आणल्या आणि बायकोच्या नावावर वाढल्या. लोक मिटक्या मारू लागले. "मानेओ, हाताला गुण आहे हो!" मानेओनं उभ्या जन्मात चाखली नव्हती अशी बिअर, पण कौतुक कुणाला नको? तिचं लक्ष मात्र पालकावर. "पानांना हात लावायचा नाही! आणि तळाचा गाळ टोपलीत ओता, फुकट घालवू नका."

सगळ्यांनी मोठ्या शिस्तीत गाळ टोपलीत ओतला. घमघमाट सुटला. ऊन कलू लागलं तसे लोक पांगले, आणि या गडबडीत मोरेना कधी उठले ते कुणी पाहिलं नाही. मोठ्या माणसांना मोठी कामं.

मानेओ भांडी आवरून बाहेर आली आणि किंचाळली.

वाफ्यात गाढव!

कुणाचं, कुठलं, देव जाणे. खाचेतून आत शिरून वाफ्यावर चढलेलं आणि वासाच्या मागे लागून मुंडकं थेट टोपलीत खुपसलेलं. आता ते निघेना. गाढव पाय झाडत होतं, लोळत होतं, आणि खाली माझ्या मानेओचा पालक! नवल ऐका, त्यानं एक पानसुद्धा खाल्लं नाही, नुसतं लोळलं. त्याच्या अंगावर चांगलं जाड ब्लँकेट होतं. थंडी पडलेली, घातलं असेल कुणा दयाळू माणसानं.

तांकिसो आणि फाकोनं पाय धरून ओढलं. टोपली मोडली, गाढव सुटलं, आणि मागे वळून न बघता डोंगराच्या खालच्या अंगाला पळालं. वाफ्यात पालकाची चटणी उरली होती.

मानेओ रात्रभर रडली नाही. रविवारी पहाटेच उठली आणि गावप्रमुखांच्या दारात उभी राहिली. जनावरानं पीक नासलं, तर न्याय तिथेच होतो.

"मोरेना, माझा पालक गेला. आज दुपारी पाहुणी जेवायला आहे."

मोरेनांनी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली. "कुणी केलं?"

"गाढवानं, मोरेना."

"गाढवानं?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नक्की गाढवच?"

"माझी खात्रीच आहे, मोरेना. फक्त मालक कोण ते कळत नाही."

"मालकाचा शोध घेऊ. घाई नको, सावकाश घेऊ," मोरेना म्हणाले. "तोवर भरपाई माझ्या घरून."

आता मोरेनांच्या घरी एवढा पालक कुठला? त्यांची बायको तशीच उठून माखोत्सोकडे गेली आणि तिच्या वाफ्यातला निवडक, कोवळा पालक घेऊन आली. चर्चच्या आधी भारा मानेओच्या दारात. भाऱ्याला माखोत्सोची हिरवी चिंधी बांधलेली. मानेओनं चिंधी ओळखली, सोडली आणि चुलीत घातली.

दुपारी माखोत्सो आली, ऐसपैस बसली. पापासोबत, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसोबत, तिनं पालकाचा मोठा घास घेतला, चावला, पुन्हा चावला.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण कडवट गं. पानं निबर. माती हलकी, दुसरं काय! माझ्या वाफ्यातला बघ, कसा गोड लागतो."

"खरंय, म्मे," मानेओ म्हणाली आणि आणखी दोन डाव वाढले. "पिकवणारणीचाच दोष. घ्या, लाजू नका."

शांतीच्या आईनं ताट चाटूनपुसून साफ केलं.

झालं. अगदी जसं घडलं तसं सांगितलं. आता ब्लँकेटची शपथ घातलीय आणि रात्री गारठाही फार पडतो, म्हणून एक कबूल करते. गाढव नव्हतं. पण मोरेना अजून धडधाकट आहेत, आणि त्यांचं घर माझ्या घराला लागूनच आहे.