पडद्यावरचे लाल गोल

कोलंबियातल्या आमच्या बारांकिया शहरात माझ्याइतका तल्लख माणूस दुसरा नाही. असेलही, पण मला भेटलेला नाही. नाव एर्मोहेनेस. हुद्दा विचाराल तर ऑफिसचा वॉचमन, पण ते पगारापुरतं. मूळचा मी डिटेक्टिव्ह. गुन्हेगारी मी आतून पाहिलीय. पोलीस ठाण्याच्या आतल्या भिंती मीच रंगवल्यात.

आमचं ऑफिस इमारतींचे नकाशे काढतं. पूर्वी नकाशा कागदावर यायचा आणि साहेब लोक लाल पेन्सिलीने त्यात चुका दाखवायचे. आता भिंतीवर दाराएवढा पडदा आलाय. नकाशा त्यातच दिसतो. बोट टेकलं की तिथं लाल गोल उमटतो, आणि तो तिकडे साइटवर मुकादमालाही लगेच दिसतो. गोल दिसला की त्या जागचं काम बंद. वरून लेखी उत्तर येईपर्यंत वीटसुद्धा हलत नाही.

तर मासळी बाजाराच्या नकाशावर असे गोल आपोआप उमटायला लागले. खांबावर गोल, जिन्यावर गोल, एक तर चक्क संडासाच्या भांड्यावर. साइट ठप्प. आणि सगळ्या गोलांखाली नाव एकच, ओडालिस. ही आमची नकाशे काढणारी पोरगी. सकाळी पडदा ती तिच्या नावानं उघडते, म्हणून दिवसभर जे उमटेल ते तिच्या खात्यावर. मोठे साहेब, अल्ताओना, तिला म्हणाले की शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर सोमवारी येऊ नकोस. पोरगी रडली नाही. घरून रिकामी पिशवी आणली आणि टेबलाखाली ठेवली. मी म्हटलं, "पोरी, काळजी करू नको. केस मी हातात घेतलीय."

"म्हणूनच पिशवी आणलीय, काका," ती म्हणाली.

पहिला संशय पालीवर. पडद्यावर तिची ये-जा असते. अख्खी दुपार तिच्यावर नजर ठेवली. तिनं एक डास खाल्ला, संडासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निर्दोष सोडली.

मग विल्फ्रिदो. जुना माणूस, कागदाचा भक्त, कानामागे अजून लाल पेन्सिल. त्याला आडवा घेतला. तो म्हणाला, मी त्या पडद्याला शिवतच नाही, शॉक बसतो म्हणतात. सराईत गुन्हेगार हेच बोलतो. पण पडदा चालू करून दाखव म्हटलं तर त्यानं एसी बंद केला.

उरले बोगोटावाले, म्हणजे राजधानीतले लोक. त्यांच्याकडे समुद्र नाही, आमचा मासळी बाजार त्यांना बघवणार कसा? थिअरी फक्कड होती. पुरावा तेवढा नव्हता.

शेवटी शुक्रवारी, साहेबांची मीटिंग संपल्या संपल्या, मी पडद्यावर मक्याचं पीठ भुरभुरवलं. ठसा सापडला. वर एक जाड कमान, खाली एक जाड कमान, वरच्या बाजूला केरसुणीसारख्या रेघा. मी जाहीर केलं की गुन्हेगाराचे दोन अंगठे एकमेकांना चिकटलेत आणि अंगठ्यांवर केस आहेत. ओडालिस गुपचूप पिशवी भरायला लागली.

तेवढ्यात साहेबांची बायको, सुनिल्दाबाई, डबा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, ह्या तर आमच्या ह्यांच्या मिशा."

मी म्हटलं, बाई, तपासात ढवळाढवळ नको. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. साहेब आत आले, एका हातात कॉफी, दुसऱ्यात पाव. बाईंनी विचारलं, "अहो, ह्यात जिना कुठला?"

आता आमच्याकडे बोटानं कोण दाखवतं? लेकरापासून पाद्र्यापर्यंत सगळे ओठ पुढे काढूनच दाखवतात, हात कशाला दमवायचे. त्यात साहेबांची नजर अधू. ते पडद्याला नाक लागेस्तोवर वाकले, ओठ काढले, म्हणाले, "हा काय."

जिन्यावर लाल गोल उमटला. खाली नाव, ओडालिस.

कागदावरही साहेब असेच मुके घेत आले होते, पण कागदानं कधी चहाडी केली नव्हती.

"घरी मीठही असंच मागतात," बाई म्हणाल्या आणि डबा उघडायला गेल्या.

साहेबांचे कान लाल झाले. ओडालिसला म्हणाले, ती पिशवी रिकामी कर, आणि मला माफ कर. तिनं विचारलं, माफ केलं, पण साइटवर उत्तर काय लिहू? प्रत्येक गोलाला कारण द्यावंच लागतं.

साहेबांनी तोंडातला पाव गिळला. मग म्हणाले, "खरं आहे तेच लिही."

तिनं एकेका गोलापुढे लिहिलं: साहेबांचा मुका. काम सुरू करा.

मुकादमाचं उत्तर लगेच आलं. काम सुरू केलंय. फक्त मधला एक खांब मुक्यातून वगळला गेलाय, तो रुसून बसलाय.