तक्तेरावांचा डायनॅमो

तक्तेरावांना कधी कोणी खरेदीला पाठवू नये. त्यांचं खरं नाव पाणीपुरवठा खात्याच्या हजेरीपटावर होतं. पण फणी घ्यायची असो की छत्री, आधी तक्ता आखल्याशिवाय यांचा हात खिशात जात नसे, म्हणून सगळं खातं त्यांना तक्तेरावच म्हणायचं.

खात्यातले बारा जण पहाटे सायकलवरून आपापल्या टाकीवर जायचे आणि सहाच्या ठोक्याला पाण्याची पातळी फोनवर कळवायचे. त्यांच्या सायकलींना दिवे घ्यायचं ठरलं. चार्जिंगचे की डायनॅमोचे, हे बघायचं काम साहेबांनी तक्तेरावांवर सोपवलं. मुकादमाची जागा रिकामी होती आणि ती तक्तेरावांना स्वप्नातही दिसायला लागली होती. त्यांनी दोन महिने जीव ओतून तक्ता भरला. वजन किती, उजेड किती, पावसात टिकतो का, चढावर दम लागतो का, सगळं आलं. डायनॅमो जिंकला. चाक फिरतंय तोवर उजेड, चार्जिंगची कटकट नाही.

बायको म्हणाली, "अहो, पण मी आणलेला तो चार्जिंगचा दिवा असू द्या की जवळ."

"तो सव्वीस गुणांनी पडलाय," तक्तेराव म्हणाले, आणि विषय संपला.

शिफारस वाचून साहेब खूश झाले. सही करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते पहाटे टाकीवर आले. तक्तेराव लखलखीत उजेड पाडत ऐटीत आले, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या आकड्यांच्या पट्टीसमोर उतरले आणि दिवा विझला. रोज तिथे टाकीवरचा बल्ब असायचा, म्हणून ही भानगड कधी ध्यानातच आली नव्हती. आज नेमका बल्ब गेलेला. उतरल्यावर चाक फिरत नाही, असा रकाना काही तक्त्यात नव्हता.

त्यांनी गुपचूप मोबाइल काढला. साहेबांनी तो खिशात ठेवायला लावला. चाचणी दिव्याची आहे, मोबाइलची नाही म्हणे.

मग तक्तेराव पट्टीसमोरून चकरा मारायला लागले. पहिल्या चकरेत तीन दिसला, दुसरीत पुढचा आकडा निसटला, तिसरीत ते साहेबांच्या पायावरून गेले. सहाला पाच मिनिटं होती. शेवटी सायकल स्टँडवर चढवली. साहेबांचा वाचायचा चष्मा ऑफिसात राहिला होता, त्यामुळे वाचायचं तक्तेरावांनी आणि पेडल मारायचं साहेबांनी. इस्त्रीच्या पँटीतले साहेब जागच्या जागी जीव खाऊन सायकल हाणत होते आणि धापा टाकत "वाच ना रे लवकर" म्हणत होते.

एवढ्यात साहेबांचा गुडघा हँडलला लटकवलेल्या डब्याच्या पिशवीवर आपटला आणि पिशवी आतून उजळली. साहेबांनी हात घातला. चपातीच्या डब्याशेजारी बायकोचा दिवा होता, काठोकाठ चार्ज केलेला.

तीन मीटर चाळीस. एका क्षणात वाचून झालं.

साहेबांनी घाम पुसला आणि दिवा उलटसुलट करून बघितला. "हा कोणी ठेवला?"

"बायकोनं," तक्तेराव पुटपुटले.

साहेबांनी दिवा विझवून परत पिशवीत ठेवला. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "त्या नोकरी करतील का हो?"

घरी आल्यावर तक्तेरावांनी बल्ब, चकरा, साहेबांचा गुडघा, सगळं सांगितलं. तेवढा एक प्रश्न मात्र गाळला.

"मग मुकादमाचं काय झालं?" बायकोनं दिवा चार्जिंगला लावत विचारलं.

"साहेबांच्या डोक्यात एक नाव आहे," तक्तेराव म्हणाले, आणि आंघोळीला निघून गेले.